‘शेक’ ह्या शब्दाविषयी

रॉंटगेनने १८९५ साली शोधलेल्या अज्ञात किरणांस मराठीने बीजगणितातील अव्यक्ताचे अक्षर देऊन ‘क्ष-किरण’ म्हटले. पुढे कर्करोगावरील त्यांच्या योजनेस ‘किरणोपचार’ हे नाव मिळाले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ मध्ये ते अणुशक्ती विभागाकडे गेले. लोकभाषेने मात्र ह्या उपचारास ‘शेक’ म्हटले. वस्तुतः हे किरण शेकत नाहीत. पेशीतील डीएनए तोडून तिचे विभाजन रोखतात. घरचा शेक दुखणे थांबताच बंद होतो. किरणोपचार मध्येच सोडल्यास उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. म्हणून खुटबावहून पुण्या-मुंबईस जाणाऱ्या रुग्णाचा शब्द न हसता स्वीकारावा. परंतु त्यातील हा अर्थभेद त्यास प्रथमच समजावून द्यावा.