शॅल की विल? एका नियमाचा पावणेचारशे वर्षांचा प्रवास

१/
एकोणिसाव्या शतकातील इंग्रज एक विनोद आवडीने सांगत. एक आयरिश माणूस नदीत पडतो आणि जिवाच्या आकांताने ओरडतो, “आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!” काठावरचे सभ्य इंग्रज ते ऐकतात आणि पुढे निघून जातात. कारण त्यांच्या व्याकरणानुसार त्या वाक्याचा अर्थ होता, “मी बुडणारच, मला कोणी वाचवता कामा नये!” काही जण हाच विनोद स्कॉटिश माणसावर, तर काही जण परदेशी पाहुण्यावर रचत. एका सहायक क्रियापदाच्या निवडीवरून माणसाची पारख करणाऱ्या या नियमाचा इतिहास या धाग्यात पाहू या.

२/
नियम असा. साधा भविष्यकाळ सांगायचा असेल तर प्रथम पुरुषी ‘शॅल’ आणि द्वितीय व तृतीय पुरुषी ‘विल’ वापरावे. निर्धार, वचन, आज्ञा किंवा धमकी व्यक्त करायची असेल तर हीच मांडणी उलटी करावी. म्हणजे ‘आय शॅल गो’ ही केवळ माहिती. ‘आय विल गो’ हा निश्चय. ‘ही विल गो’ ही माहिती. ‘ही शॅल गो’ हा हुकूम. बुडणाऱ्या माणसाने ‘आय शॅल ड्राउन, नोबडी विल सेव्ह मी’ म्हटले असते, तर नियमाप्रमाणे त्याला मदत मिळाली असती.

३/
हा नियम इंग्रजी भाषेच्या मूळ स्वभावात असावा, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्राचीन इंग्रजीत भविष्यकाळाचे स्वतंत्र रूपच नव्हते. वर्तमानकाळाच्या रूपावरच भागवले जाई आणि काळ संदर्भावरून कळे. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘उद्या येतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा रूप वर्तमानाचे आणि अर्थ भविष्याचा असतो. इ. स. १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या मठवासी विद्वानाने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत लिहिले. लॅटिन भविष्यकाळ समजावताना त्याने इंग्रजी वर्तमानकाळच वापरला आणि त्याला ‘आज अजून’, ‘उद्या’ अशा अर्थाचे शब्द जोडून वेळ निभावली.

४/
‘शॅल’ आणि ‘विल’ हे शब्द तेव्हाही होते. परंतु ती काळाची चिन्हे नव्हती. ‘शॅल’च्या पूर्वजाचा अर्थ होता ‘देणे लागणे’, ‘बांधील असणे’. जर्मन भाषेत ऋण आणि दोष या दोन्हींसाठी असलेला ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला. ‘विल’च्या पूर्वजाचा अर्थ होता ‘इच्छा असणे’. मृत्युपत्राला इंग्रजीत आजही ‘विल’ म्हणतात, ते याच अर्थाने. एक शब्द कर्तव्याचा, दुसरा इच्छेचा. जे करणे भाग आहे ते आणि जे करावेसे वाटते ते, दोन्ही पुढे घडायचे असते. म्हणून हे दोन्ही शब्द हळूहळू भविष्याकडे सरकले.

५/
या प्रवासात चौदाव्या शतकातील एका भाषांतराचा मोठा वाटा आहे. १३८०च्या दशकात जॉन विक्लिफ आणि त्याच्या अनुयायांशी जोडले गेलेले बायबलचे इंग्रजी भाषांतर सिद्ध झाले. मूळ लॅटिन पाठात भविष्यकाळाची स्वतंत्र रूपे होती. त्यांच्यासाठी भाषांतरकारांनी जवळपास सर्वत्र ‘शॅल’ योजले. ‘विल’ त्यांना ‘इच्छिणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदासाठी हवे होते. त्यामुळे ‘शॅल’ला धर्मग्रंथाचे आणि आज्ञेचे वजन आले. पुढे १६११च्या अधिकृत बायबलमधील दहा आज्ञांनी ते अधिकच ठसवले. बोलण्यात मात्र ‘विल’ जोमाने पसरत होते.

६/
आता वर्ष १६५३. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन चार वर्षे उलटली होती. ऑक्सफर्डमध्ये जॉन वॉलिस हा भूमितीचा प्राध्यापक होता. यादवी युद्धात त्याने राजपक्षाची सांकेतिक पत्रे उलगडून संसदेला मदत केली होती. अनंतासाठी आज वापरले जाणारे आडव्या आठच्या आकाराचे चिन्हही त्यानेच १६५५मध्ये गणितात आणले. या गणितज्ञाने १६५३मध्ये इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि तेही लॅटिनमध्ये. शॅल-विलची पुरुषानुसार होणारी अदलाबदल त्यात स्पष्ट नियमाच्या रूपात मांडलेली आढळते.

७/
व्याकरण लॅटिनमध्ये का? कारण वॉलिसचा वाचक मुख्यतः परदेशी होता. त्या काळी युरोपभरच्या सुशिक्षितांची सामाईक भाषा लॅटिन होती, आणि इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परक्याला कोठे ‘शॅल’ व कोठे ‘विल’ हे कळत नसे. त्याच्या सोयीसाठी वॉलिसने वापरातला गोंधळ एका नेटक्या सूत्रात बसवला. परक्यासाठी केलेली ही सोय पुढे खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाच तपासण्याची मोजपट्टी झाली.

८/
हा बदल अठराव्या शतकात घडला. रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने १७६२च्या आपल्या व्याकरणात हाच भेद दिला. पुढे तो लंडनचा बिशप झाला. १७६५मध्ये विल्यम वॉर्डने तर तो पाठांतरासाठी पद्यात बांधला. १७९५मध्ये लिंडली मरेचे व्याकरण आले. मरे मूळचा अमेरिकेचा, यॉर्कजवळ स्थायिक झालेला. तेथील एका मुलींच्या शाळेसाठी लिहिलेले त्याचे पुस्तक अटलांटिकच्या दोन्ही काठांवर लाखोंच्या संख्येने खपले. अशा रीतीने नियम शाळेत पोहोचला. आणि जो नियम शाळेत शिकवला जातो, तो चुकला की छडी बसते.

९/
छडीचा पहिला मार इंग्लंडच्या शेजाऱ्यांना बसला. १७०७मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एकीकरण झाले. लंडनमध्ये प्रतिष्ठा मिळवायची तर स्कॉटिश वळणाची इंग्रजी टाकणे भाग होते. १७५२मध्ये डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञाने आपल्या राजकीय निबंधांच्या काही प्रतींना टाळावयाच्या ‘स्कॉटिश’ प्रयोगांची यादी जोडली. त्या यादीत शॅल-विलचा भेद होता. कार्यकारणभावाच्या कल्पनेलाच आव्हान देणारा हा विचारवंत ‘विल’ कोठे म्हणावे याबाबत मात्र दक्षिणेकडे पाहत होता.

१०/
स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथील लोक प्रथम पुरुषी सर्रास ‘विल’ वापरत. त्यांच्या बोलीत ते पूर्णपणे नियमबद्धच होते. परंतु तो नियम लंडनचा नव्हता. १८५६मध्ये सर एडमंड हेड यांनी या दोन शब्दांवर स्वतंत्र पुस्तक काढले. तेव्हा ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते! १९०६मध्ये फाउलर बंधूंनी इंग्रजी लेखनावरील आपल्या पुस्तकात या विषयाला सुमारे वीस पाने दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हा भेद उपजतच येतो आणि इतरांना तो शिकून साधणे जवळजवळ अशक्य. याचा अर्थ उघड आहे. ज्याला ते जन्माने मिळाले नाही, त्याने वीस पाने घोकली तरी तो बाहेरचाच!

११/
या दाव्याची कसोटी १९२५मध्ये लागली. चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाभ्यासकाने व्याकरणांची मते बाजूला ठेवून प्रत्यक्ष वापर मोजायला घेतला. सोळाव्या शतकापासूनची इंग्रजी नाटके त्याने तपासली. संवादांत बोली अधिक उतरते, हा त्यामागचा विचार. प्रथम पुरुषीसुद्धा ‘विल’चेच प्रमाण अधिक आढळले. व्याकरणकार ज्याला प्राचीन परंपरा म्हणत होते, ती त्या काटेकोर स्वरूपात भाषेत कधी सर्वमान्य नव्हतीच.

१२/
दरम्यान बोलणारे लोक आपल्या वाटेने जात होते. सतराव्या शतकापासून ‘आय विल’चे ‘आय’ल’ असे आकुंचन रूढ होत गेले. त्यात शॅल आहे की विल, हे कानाला कळेचना. दुसरीकडे ‘गोइंग टु’ हे तिसरे रूप उभे राहिले. मुळात ‘अमुक करण्यासाठी जात आहे’ असा त्याचा अर्थ. १६४६मध्ये जोशुआ पूल या व्याकरणकाराने ते ‘करण्याच्या बेतात’ या अर्थी नोंदवले आहे. ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणताना पाऊस कोठे चालत जात नाही. आकाशात ढग दिसत आहेत एवढेच त्यातून सूचित होते. मराठीतही ‘पाऊस पडेल’ आणि ‘पाऊस पडणार आहे’ यांत असाच सूक्ष्म फरक जाणवतो.

१३/
भारतात हा नियम शाळेतूनच आला. येथे घरोघरी ठाऊक असलेले ‘रेन अँड मार्टिन’चे व्याकरण १९३०च्या दशकातले. त्यातील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले अधिकारी. ‘बो जेस्ट’ या १९२४च्या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. इंग्लंडमध्येच पातळ होत चाललेला भेद भारतीय विद्यार्थी रिकाम्या जागा भरत पाठ करत राहिले.

१४/
आणि ज्यांच्या भाषेचा दाखला द्यावा, त्यांनीच नियम मोडला. ४ जून १९४० रोजी डंकर्कच्या माघारीनंतर चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत लढा चालू ठेवण्याचा निर्धार जाहीर केला. निर्धार आणि प्रथम पुरुष, म्हणजे पाठ्यपुस्तकानुसार ‘विल’ हवे. चर्चिल वारंवार म्हणाले ‘वुई शॅल’. २० मार्च १९४२ रोजी फिलिपिन्समधून बाहेर पडलेल्या जनरल मॅकार्थर यांनी ऑस्ट्रेलियातील टेरोवी स्थानकावर म्हटले, ‘आय शॅल रिटर्न’. त्यात निश्चय नव्हता, असे कोणी म्हणेल काय? दोघांच्या ‘शॅल’ला बळ मिळाले ते धर्मग्रंथाच्या आणि कायद्याच्या जुन्या घुमाऱ्यातून.

१५/
कायद्यात ‘शॅल’ आजही जिवंत आहे आणि तेथे तो विनोदाचा विषय नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ७४(१) घ्या. मूळ पाठानुसार राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद ‘शॅल बी’, म्हणजे असलीच पाहिजे. पण त्या सल्ल्याप्रमाणे वागणे राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे काय? तेथे ‘शॅल’ नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राष्ट्रपती सामान्यतः मंत्र्यांच्या सल्ल्याने बांधलेले राहतील, अशी भूमिका घेतली होती. तरीही २८ नोव्हेंबर १९६० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी एका जाहीर भाषणात हा प्रश्न अभ्यासकांपुढे ठेवला.

१६/
१९७४मध्ये समशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती सल्ल्याने बांधलेले आहेत, असे स्पष्ट केले. आणीबाणीच्या काळात, १९७६मध्ये, ४२व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींच्या वाट्यालाही ‘शॅल’ लिहून टाकला. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. मात्र फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्यापुढे पुन्हा ‘शॅल’च आहे. देशाच्या सर्वोच्च पदाची मर्यादा एका सहायक क्रियापदावर लिहिली गेली आहे.

१७/
तरीही ‘शॅल’ म्हणजे नेहमीच सक्ती, असे नाही. अनुच्छेद ३२०नुसार शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जावा. उत्तर प्रदेशातील एका सरकारी कर्मचाऱ्याने, आपल्याविरुद्धच्या कारवाईत हा सल्ला नीट घेतला गेला नाही, म्हणून दाद मागितली. १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, येथील ‘शॅल’ मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. सल्ला न घेतल्याने कारवाई रद्द ठरत नाही. शब्द तोच, परंतु त्या माणसाच्या हाती संरक्षण आले नाही.

१८/
या संदिग्धतेमुळेच अनेक ठिकाणी ‘शॅल’ला निरोप दिला जात आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३च्या अंतरिम संविधानात ‘शॅल’ होता. १९९६च्या अंतिम संविधानात त्याच्या जागी ‘मस्ट’ आला. वर्णभेदाच्या राजवटीतून बाहेर पडलेल्या जनतेला आपले हक्क साध्या शब्दांत वाचता यावेत, ही त्यामागची दृष्टी. अमेरिकेतील संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७मध्ये नव्या शैलीत लिहिले गेले, तेव्हा त्यांतूनही ‘शॅल’ वगळण्यात आला.

१९/
मराठी कायद्यांत ‘शॅल’साठी बहुधा ‘राहील’, ‘असेल’, ‘करील’ अशी साधी भविष्यकाळी रूपे येतात. ‘समितीची मुदत पाच वर्षांची राहील’ हे वाचताना ते भाकीत आहे, असे कोणालाही वाटत नाही. ऋण आणि इच्छा यांतून इंग्रजीने भविष्य घडवले. मराठी कायदा साध्या भविष्यातूनच कर्तव्य सांगतो.

२०/
बुडणाऱ्या माणसाच्या विनोदाकडे आता पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. काठावरच्या प्रत्येकाला तो काय म्हणतो आहे, हे पुरते कळले होते. नियम अर्थ समजण्यासाठी लागतच नव्हता. ओरडणारा आपला आहे की परका, हे ठरवण्यासाठी लागत होता. भाषेचा कोणताही नियम ‘शुद्ध’ म्हणून समोर आला की तो कोणी, कोणत्या वर्षी आणि कोणासाठी लिहिला, हे विचारून पाहावे. शॅल-विलच्या बाबतीत निदान एक उत्तर सापडते. १६५३, ऑक्सफर्ड, एक गणितज्ञ, आणि इंग्रजी न येणारा वाचक.

(धागा समाप्त)