सकारात्मक कबुली (ख्रिस्ती शिकवण)

सकारात्मक कबुली ही विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झालेली एक ख्रिस्ती शिकवण आहे. बायबलमधील अभिवचनांवर विश्वास ठेवून ती मुखाने उच्चारल्यास त्यांचे फळ, विशेषतः आरोग्य आणि आर्थिक सुबत्ता, विश्वासणाऱ्याच्या जीवनात प्रत्यक्षात उतरते, असे तिचे प्रतिपादन आहे. ही शिकवण मानणाऱ्या उपदेशकांच्या व मंडळ्यांच्या प्रवाहास 'वर्ड ऑफ फेथ' म्हणजे 'विश्वासाचे वचन' चळवळ म्हणतात. हे नाव नव्या करारातील रोमकरांस पत्र १०:८ या वचनातील शब्दांवरून आले आहे. येथे 'कबुली' याचा अर्थ अपराध मान्य करणे असा नसून श्रद्धा उघडपणे बोलून दाखवणे असा आहे. कॅथलिक परंपरेतील पापनिवेदनापासून ती भिन्न आहे.

उगम

या शिकवणीची मांडणी प्रथम एसेक विल्यम केन्यन (१८६७–१९४८) या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या लेखनात आढळते. तिला व्यापक प्रसिद्धी मिळवून दिली ती टेक्सास राज्यात जन्मलेल्या केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी. हेगिन यांच्या स्वतःच्या कथनानुसार, हृदयविकारामुळे ते किशोरवयात अंथरुणाला खिळले होते. मार्ककृत शुभवर्तमानातील ११:२३-२४ ही वचने वाचून, आपण बरे झालो आहोत असे मानून व बोलून इ.स. १९३४ मध्ये ते उठले. त्यांनी इ.स. १९७४ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे रीमा बायबल ट्रेनिंग सेंटर ही संस्था स्थापन केली. केनेथ कोपलंड आणि चार्ल्स कॅप्स हे या प्रवाहातील पुढील काळातले प्रमुख उपदेशक होत.

केन्यन यांच्या विचारांच्या मुळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मनातील विचार व उच्चारलेले शब्द शरीरावर परिणाम घडवतात असे मानणारी 'न्यू थॉट' ही विचारधारा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय होती. केन्यन यांच्यावर तिचाच प्रभाव होता, तसेच हेगिन यांच्या लेखनात केन्यन यांचे उतारे जवळजवळ शब्दशः आले आहेत, असे डी. आर. मॅक्कॉनेल यांनी इ.स. १९८८ मधील आपल्या ग्रंथात मांडले. याउलट डेल सिमन्स आणि जो मॅकइन्टायर यांनी केन्यन यांचा संबंध त्या काळच्या प्रोटेस्टंट पंथांतील श्रद्धोपचाराच्या परंपरेशी अधिक जवळचा असल्याचे दाखवले.

शिकवण आणि शास्त्राधार

मार्क ११:२३ मध्ये डोंगराला 'उपटून समुद्रात पड' असे सांगण्याचा दृष्टान्त आहे. या वचनात विश्वास ठेवण्याचा उल्लेख एकदा, तर बोलण्याचा तीनदा येतो, याकडे हेगिन लक्ष वेधत. केवळ अंतःकरणातील श्रद्धा पुरेशी नसून ती उच्चारली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. यासोबत पुढील वचनांचा आधार घेतला जातो :

• नीतिसूत्रे १८:२१ – जीवन व मरण जिव्हेच्या अधीन असल्याचे वचन
• रोमकरांस पत्र १०:९-१० – मुखाने कबूल करणे व अंतःकरणात विश्वास धरणे
• १ पेत्र २:२४ – ख्रिस्ताच्या जखमांनी लाभलेले आरोग्य

प्रार्थनेच्या पद्धतीवर या शिकवणीचा थेट परिणाम होतो. विनंतीऐवजी, मागितलेले मिळाले आहे असे मानून आभार मानण्यावर भर दिला जातो. आजार, दारिद्र्य वा भीती यांविषयीचे निराशाजनक उद्गार टाळावेत, असे सांगितले जाते. देवाची इच्छा वचनांतून आधीच प्रकट झाली असल्याने, आरोग्यासाठी प्रार्थना करताना 'तुझी इच्छा असेल तर' असे शब्द जोडणे हे संशयाचे लक्षण मानले जाते.

प्रसार

आकाशवाणी, दूरचित्रवाणी, ध्वनिफिती आणि स्वस्त पुस्तिका यांद्वारे ही शिकवण अमेरिकेबाहेर पसरली. स्वीडनमधील उप्साला येथे उल्फ एकमान यांनी इ.स. १९८३ मध्ये 'लिवेट्स ऊर्ड' ही मंडळी स्थापन केली, पुढे इ.स. २०१४ मध्ये ते कॅथलिक झाले. नायजेरियातील डेव्हिड ओयेडेपो यांच्या मंडळीतही ही शिकवण आढळते.

आक्षेप

या शिकवणीवरील महत्त्वाची टीका पेंटेकोस्टल व इव्हँजेलिकल वर्तुळांतूनच झाली. हेगिन एके काळी ज्या संघटनेचे पाळक होते त्या असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल संघटनेने इ.स. १९८० मध्ये सकारात्मक कबुलीविषयी सावधगिरीचे अधिकृत निवेदन स्वीकारले. नव्या कराराचे अभ्यासक गॉर्डन फी यांनीही या शिकवणीच्या अर्थनिर्णयावर टीका केली.

मूळ वाद देवाच्या स्वातंत्र्याविषयी आहे. शब्द उच्चारताच परिणाम घडणे हा नियम मानल्यास प्रार्थना ही याचना न राहता साधन बनते, असे टीकाकार म्हणतात. गेथशेमाने बागेत येशूने स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेपुढे ठेवली. शरीरातील 'काटा' दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, तरी तो राहिला, हे दाखले ते देतात. मार्क ११:२२ मधील मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ हेगिन 'देवाच्या जातीचा विश्वास' असा करीत; मराठी बायबलसह बहुतेक भाषांतरांत तेथे 'देवावरील विश्वास' असा अर्थ घेतला आहे. पहिल्या अर्थाने विश्वास ही माणसाने वापरण्याची शक्ती ठरते, दुसऱ्या अर्थाने ती देवावर विसंबण्याची वृत्ती ठरते.

आजार आणि औषधोपचार

आरोग्य विश्वासावर अवलंबून असल्यास, बरे न होणाऱ्याचा विश्वास उणा पडला असा अर्थ निघतो. रुग्णाच्या दुःखात अशा रीतीने अपराधभावाची भर पडते, हा या शिकवणीवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. लक्षणे दिसत असूनही 'मी बरा आहे' असे म्हणत राहिल्याने उपचारांना विलंब होण्याचा धोकाही संभवतो. कॅलिफोर्नियात इ.स. १९७३ मध्ये एका दांपत्याने, प्रार्थनेने मुलगा बरा झाला आहे या समजुतीने, मधुमेही मुलाचे इन्सुलिन थांबवले. मुलगा दगावला आणि आईवडील मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले. वडिलांनी नंतर आपल्या चुकीविषयी पुस्तक लिहिले.

चळवळीतील सर्वच उपदेशक औषधोपचारांस विरोध करीत नाहीत. स्वतः हेगिन यांनी इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द मायडस टच' या पुस्तकात पैशांविषयीच्या अतिरेकी शिकवणीवर टीका केली.

हेही पहा

• पेंटेकोस्टल पंथ
• समृद्धीची सुवार्ता
• श्रद्धोपचार