दावा कोणत्या गावी?

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. 1875 साली ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. त्या वर्षी 12 मे रोजी, बाजारच्या दिवशी, तेथील लोक उठले. त्यांना हवे होते ते सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या. इंदापूर तालुक्यातही हे लोण गेले. व्याजाची कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. कोर्टाची कथा फारशी सांगितली जात नाही, आणि आम्हांस तीच अधिक मोलाची वाटते.

1859 च्या दिवाणी कायद्याने पैशाचा दावा प्रतिवादी राहतो तेथे, किंवा दाव्याचे कारण घडले तेथे लावता येई. या 'किंवा'ची निवड वादीच्या, म्हणजे सावकाराच्या, हाती. कुळाने चालत जावे, कामाचा दिवस बुडवावा, साक्षीदाराचा भत्ता आणि वकिलाची फी द्यावी, आणि एवढे करून तारीख पुढे ढकलली जावी! ते जातच नसे. समन्स न बजावता बजावल्याचा शेरा मारतात, हीही तक्रार होतीच. मग हुकूमनामा एकतर्फी. दारी जप्ती आली म्हणजे कित्येकांना दाव्याची पहिली वर्दी मिळे.

दंग्याच्या चौकशीनंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमाने 'किंवा' पुसला: कर्जाचा दावा शेतकरी राहतो तेथल्याच कोर्टात, अन्यत्र नाही. या कायद्याखालील कोर्टांच्या तपासणीवर पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे नेमले गेले. शेतात राबणारा मजूरही पुढे या व्याख्येत आला. मागावर बसणारा विणकर मात्र बाहेरच राहिला. कर्ज त्यालाही होते!

तो कायदा आता नाही. 1908 च्या दिवाणी संहितेच्या विसाव्या कलमात 'किंवा' पुन्हा आहेच. हप्त्याच्या करारात तळाशी बारीक अक्षरांत दूरच्या शहराचे नाव छापलेले असते. आमच्या सभासदांपैकी सही करण्यापूर्वी ते वाचलेला एकही आम्हांस भेटला नाही. ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला करार तो देऊ शकत नाही, पण अधिकार असलेल्या दोहोंपैकी एक ठरवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली सांगितले. आणि जागेची हरकत पहिल्याच संधीला, मुद्दे काढण्यापूर्वी घ्यावी लागते. अपिलात ती प्रथमच काढली तर कोणी ऐकत नाही. म्हणून इंदापूरच्या माणसाने समन्स ट्रंकेत ठेवू नये, त्याच दिवशी वकिलाकडे न्यावे.