सिम्बॉल (इंटरप्रिटरच्या स्मृतीतील)

प्रोग्राममधील व्हेरिएबल, फंक्शन इत्यादींना दिलेल्या नावाचे इंटरप्रिटरने स्मृतीत ठेवलेले रूप. नाव प्रोग्राममध्ये कितीही वेळा आले, तरी त्याची अक्षरे एकदाच साठवली जातात. बाकी ठिकाणी त्या जागेचा पत्ता असतो. या पद्धतीला इंटर्निंग म्हणतात. नवे नाव वाचले की त्याचा हॅश काढून सिम्बॉल-तक्त्यात शोध घेतला जातो. नोंद सापडली तर तिचाच पत्ता वापरतात, नाही तर नवी नोंद होते. त्यामुळे दोन नावे एकच आहेत का, हे बहुधा पत्त्यांवरूनच कळते.

इतिहास : ही कल्पना लिस्प भाषेत रुजली. जॉन मॅकार्थी यांचा लिस्पवरील निबंध १९६० चा. लिस्प १.५ मध्ये (१९६२) नावाची अक्षरे ३६ बिटांच्या शब्दांत, प्रत्येकी सहा, अशी ठेवत.

रूबी भाषेत २.२ आवृत्तीपूर्वी (२०१४) सिम्बॉल एकदा तयार झाला की प्रोग्राम संपेपर्यंत स्मृतीत राही.

देवनागरी नावे : पायथॉन ३ मध्ये (२००८) देवनागरी नावे चालतात. ३.३ आवृत्तीपासून (२०१२) सीपायथॉन हा पायथॉनचा प्रचलित इंटरप्रिटर प्रत्येक स्ट्रिंगसाठी अक्षरामागे एक, दोन किंवा चार बाइट यांतले पुरेसे माप निवडतो. ‘यवतमाळ’ हे नाव य, व, त, म, काना आणि ळ अशा सहा युनिकोड संकेतांचे. यूटीएफ-८ फाइलीत त्याला १८ बाइट लागतात, तर स्मृतीत शीर्षभाग वगळता अक्षरांना १२.

‘वऱ्हाड’ हे नाव अधिक बोलके आहे. यवतमाळ जिल्हा ज्या प्रदेशात मोडतो त्याच्या या नावातला ‘ऱ्’ तीन प्रकारे लिहिता येतो : ऱ (यू+०९३१) व हलन्त, र, नुक्ता व हलन्त, किंवा र, हलन्त व शून्यरुंदी जोडचिन्ह (यू+२००डी). पायथॉन नाव वाचताना त्याचे एनएफकेसी प्रमाणीकरण करतो (म्हणजे समतुल्य संकेतक्रम एकाच ठरावीक रूपात आणतो), म्हणून पहिल्या दोन रूपांचा एकच सिम्बॉल होतो. तिसरे रूप पायथॉन नावात स्वीकारतच नाही, चूक दाखवून थांबतो. हेच नाव स्ट्रिंग म्हणून गेटॲटर या फंक्शनला दिले, तर मात्र प्रमाणीकरण होत नाही आणि नुक्त्याचे रूप सापडत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये प्रमाणीकरण नाही आणि जोडचिन्ह चालते. तिथे सारखे दिसणारे तीन ‘वऱ्हाड’ हे तीन वेगळे सिम्बॉल ठरतात. एकात ठेवलेली किंमत दुसऱ्यात मिळत नाही, आणि ही चूक डोळ्यांनी शोधणे जवळजवळ अशक्य. युनिकोडने ऱ व हलन्त आणि र, हलन्त व जोडचिन्ह या दोन्ही लेखनपद्धती मान्य ठेवल्याने मजकुरात दोन्ही आढळतात. मराठी नावे वापरणाऱ्यांनी सर्वत्र ऱ चा स्वतंत्र संकेतच टंकित करावा.