तळटीप : तांबड्या चौकाचे चित्र

लेखकाने येथे ओझरता उल्लेख केलेले चित्र म्हणजे सैबेरियात जन्मलेल्या वासिली सुरिकोव्ह या रशियन चित्रकाराचे, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात असलेले, ‘स्त्रेल्त्सींच्या देहदंडाची प्रभात’ हे १८८१ सालचे तैलचित्र होय. स्त्रेल्त्सी ही झारच्या पदरची बंदूकधारी फौज. झार पहिला पीटर परदेशी असता १६९८ साली तिने केलेले बंड त्याच्या सेनानींनी मोडले, आणि परतल्यावर त्याने शेकडो शिपायांस देहान्त शासन फर्मावले. चित्रात मात्र प्रत्यक्ष वध कोठेच नाही, आणि माझ्या मते त्याचे सारे सामर्थ्य याच संयमात आहे. निदान एखादा फाशी दिलेला देह तरी दाखवावा, ही चित्रकार रेपिनची सूचना सुरिकोव्हने खडूने रेखून पाहिली. परंतु ती आकृती दृष्टीस पडताच घरातील दाई मूर्च्छित झाली आणि त्याने तो विचार सोडला, असे तो स्वतः सांगत असे. चाकोऱ्यांनी तुडविलेल्या चिखलात उभ्या गाड्या, त्यांत पांढऱ्या सदऱ्यांतील कैदी, उजाडले तरी त्यांच्या हाती जळणाऱ्या मेणबत्त्या, आणि तांबड्या दाढीच्या एका शिपायाची, आक्रोश करणाऱ्या बायकामुलांच्या गर्दीवरून थेट उजवीकडील अश्वारूढ पीटरवर खिळलेली जळजळीत नजर, हे वाचकाने अवश्य निरखावे. वास्तविक चौक पुष्कळ प्रशस्त. पण चित्रकाराने सेंट बेसिलचे मंदिर व क्रेमलिनचा तट बुद्ध्याच जवळ ओढून, मंदिराचे घुमट वरच्या कडेशी छाटून, जमावास कोंडून टाकले आहे. ज्या प्रदर्शनात हे चित्र प्रथम मांडले गेले, ते सेंट पीटर्सबर्ग येथे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १ मार्च १८८१ रोजी उघडले. त्याच दिवशी त्या शहरात झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. —संपादक