शांता रंगास्वामी : फुकट राबलेली कारकीर्द

क्रिकेटला धर्म मानणाऱ्या देशात शांता रंगास्वामी किती जणांना ठाऊक आहेत? १९७६ साली भारतीय महिला संघ पहिली कसोटी मालिका खेळला, तेव्हा या अष्टपैलू खेळाडू कर्णधार होत्या. पाटण्यात वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला. १९७७ मध्ये डुनेडिनला त्यांनी १०८ धावा केल्या. भारतीय स्त्रीचे ते पहिले कसोटी शतक. एकूण १६ कसोटी, ७५० धावा, २१ बळी. मानधन नव्हते, पोट बँकेच्या नोकरीवर. क्रिकेट मंडळाने महिला क्रिकेट आपल्याकडे घेतले २००६ मध्ये, समान सामना शुल्क जाहीर केले २०२२ मध्ये. याला आम्ही औदार्य म्हणणार नाही. स्त्रीच्या श्रमाला ‘आवड’ म्हटले की मजुरी बुडवता येते. घरात तशीच मैदानातही.