मेलेले मासे तरंगले नाहीत, एवढ्यावर निकाल?

भिलईला समुद्र नाही. पण कोकणातून आलेला सुका जवळा आमच्या घरी बारमाही असतो. चिमूटभर तळहातावर घेतला की प्रत्येक कणाला दोन काळे डोळे दिसतात. समुद्रातील तेलशोधाच्या सिस्मिक सर्वेक्षणात एअरगनने, म्हणजे दाबलेली हवा सोडून, पाण्यात आवाजाचे बार काढले जातात, तेव्हा विचार या जिवापासून सुरू व्हायला हवा. तसा तो होत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे असे : देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग आयात होतो, म्हणून हे सर्वेक्षण अटळ आहे. जहाज पुढे जाते, आवाज विरतो, मेलेले मासे कुठे तरंगत नाहीत. मासळी घटली ती ट्रॉलर, पर्ससीन आणि प्रदूषणामुळे. तेलाची निकड मला मान्य आहे, ट्रॉलरचा दोषही. पण एक कारण खरे ठरले म्हणून दुसरे आपोआप खोटे कसे ठरते?

मुळात कसोटीच चुकली आहे. शेवंड्याला माशासारखा कान नाही. पाण्याची आणि तळाची थरथर त्याला कळते ती लघुशृंगिकेच्या बुडाशी असलेल्या इवल्याशा संतुलनपिशवीतल्या केसांमुळे. टास्मानियातील संशोधकांनी एअरगनचे बार सोसलेले शेवंडे उताणे करून पाहिले. त्यांना सावरायला वेळ लागत होता. पिशवीतले केस मोडले होते. वर्ष उलटले, कात टाकून झाली, तरी ते भरून आले नाहीत. शेवंडे जिवंत होते, म्हणजे फक्त मेलेले जीव मोजणाऱ्या अहवालाच्या लेखी हानी शून्य! उताणा पडून चाचपडणारा शेवंडा शत्रूपासून किती दिवस वाचेल?

प्लवकांचे पाहा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या टास्मानियातीलच प्रयोगात एका एअरगनने मेलेल्या प्राणिप्लवकांचे प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले, परिणाम १.२ किलोमीटरपर्यंत दिसला. क्रिलची पिल्ले तर सगळी मेली. याउलट नॉर्वेतील एका प्रयोगात प्लवक मेले ते जेमतेम दहा मीटरांच्या आत. हा पुरावा मी दडवत नाही. पण मतभेदातून 'अजून मोजा' एवढेच निघते. 'परिणाम नाही' हे निघत नाही.

आणि मासे न मरताही जाळे रिकामे राहते. बॅरेंट्स समुद्रात सर्वेक्षणाच्या काळात कॉड-हॅडॉकची पकड सरासरी निम्म्यावर आली, घट १८ सागरी मैलांपर्यंत जाणवली आणि बार थांबल्यावर पाच दिवसांतही भरून निघाली नाही. ट्रॉलर पांगलेल्या माशामागे धावू शकतो. बोंबील-जवळ्याची डोल ही जाळी मात्र समुद्रात एका जागी रोवलेली असते. भरती-ओहोटी जे आणील तेच तिचे. सर्वेक्षणाची जहाजेही पावसाळा टाळतात, म्हणजे नेमकी मासेमारीच्या हंगामात येतात. अशा सर्वेक्षणाला पालघरच्या मच्छीमारांनी केलेल्या विरोधाला अडाणी भीती म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

वाचकांनीच निवाडा करावा. सर्वेक्षणाआधी, चालू असताना आणि नंतर त्याच डोलीतला जवळा, तीच शेवंड्याची खडपे तपासा. आकडे मच्छीमारांपुढे ठेवा. तोवर 'परिणाम नाही' असे लिहिण्याचा अधिकार कोणत्याही अहवालाला नाही.